जर्मनीतल्या लुथरन मंडळीत नाव घालताना

इकडे नव्याने आलेल्या आपल्या ख्रिस्ती मुलामुलींचा पहिला प्रश्न देवाधर्माचा नसतो, टॅक्सचा असतो. पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्माचा रकाना दिसतो आणि लगेच मेसेज येतो, "ताई, इथे काय लिहू? पैसे कापतात म्हणे." उत्तर दोन ओळींत बसत नाही, म्हणून माझं सगळं क्रमाने लिहून काढते. मी नगर जिल्ह्यातली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेली. २०२१ च्या ऑगस्टपासून श्टुटगार्टपासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, अर्ध्या तासावरच्या एका गावात राहते. नवरा हिंदू, पुण्याचा. त्याचा या प्रकरणातला वाटा भांडी धुण्याचा, तो पुढे येईल.

सुरुवात त्या रकान्यापासून. नवीन घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे धर्म विचारतात तो जनगणनेसाठी नाही. जर्मनीत चर्चचा कर सरकारचं टॅक्स ऑफिस गोळा करतं आणि त्याबद्दल थोडं कमिशन कापून उरलेलं चर्चला देतं. या व्यवस्थेचा घटनेतला आधार १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासूनचा, आणि ती कलमं आजच्या घटनेतही तशीच ठेवली आहेत. तुम्ही 'एव्हांगेलिश' म्हणजे प्रोटेस्टंट किंवा 'रोमिश-काथोलिश' असं लिहिलंत की ती नोंद टॅक्स ऑफिसला जाते आणि पगारातून कपात सुरू होते. वसईकडच्या कॅथलिक मंडळींनाही हे लागू आहे. स्वतंत्र छोट्या मंडळ्या, ज्यांना इथे फ्रायकिर्शं म्हणतात, त्यांतल्या बहुतेक असा कर घेत नाहीत.

कर पगारावर नसतो, आयकरावर असतो. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि बायर्न या दोन राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के. म्हणजे महिन्याला ७०० युरो आयकर कापला जात असेल तर चर्चचे ५६ युरो. आयकरच बसत नसेल तर शून्य, त्यामुळे विद्यार्थ्यांनी घाबरायचं कारण नाही. वर्षाच्या शेवटी टॅक्स रिटर्न भरताना ही रक्कम वजावटीत दाखवता येते, थोडे पैसे परत येतात.

आम्ही आलो तेव्हा ऑफिसातल्या भारतीय सहकाऱ्यांनी सांगितलं होतं तसा मी तो रकाना रिकामा ठेवला. नवी नोकरी, घराचं डिपॉझिट, अंगावर धड एक हिवाळी कोट नाही. त्या वेळी तेच बरोबर होतं. आणि हेही सांगून ठेवते: नुसतं उपासनेला जाण्यासाठी सभासद असण्याची गरज नाही. दार उघडं असतं, कोणी काही विचारत नाही.

कोणी काही विचारत नाही, ही नंतर माझी तक्रारही होती.

२०२२ च्या पावसाळी ऑक्टोबरात मी गावातल्या प्रोटेस्टंट, म्हणजे इथे लुथरन, चर्चमध्ये जायला लागले. रविवारी दहाची उपासना. त्याआधी घंटा अशी घणघणते की खिडकीची काच थरथरते. आत साठ-सत्तर माणसं, बहुतेक सगळी पासष्टीच्या पुढची, आणि दोन माणसांमध्ये एक बाक मोकळा. आमच्याकडे उपासना सुटल्यावर अंगणात तासभर गप्पा चालतात, कोणाच्या घरी काय शिजतंय इथपर्यंत चौकशी होते. इथे पाळकबाई दाराशी हात मिळवतात, "शोनेन झोनटाग", म्हणजे रविवार छान जावो, म्हणतात, आणि पाच मिनिटांत सगळे पसार. दानाची पेटीसुद्धा जाता जाता दाराशीच. एक गोष्ट मात्र मला आवडली. त्या दिवशीचं दान नेमकं कशाला जाणार हे आधी जाहीर करतात: एका रविवारी छपराची दुरुस्ती, पुढच्या रविवारी निर्वासितांसाठी भाषावर्ग. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं दान 'ब्रोट फ्युर दी वेल्ट'ला, म्हणजे १९५९ पासून जगभरातल्या उपासमारीविरुद्ध काम करणाऱ्या इथल्या चर्चच्या संस्थेला.

व्युर्टेम्बेर्गची, म्हणजे श्टुटगार्टभोवतीच्या आमच्या भागाची, उपासना साधी असते. लुथरन म्हटल्यावर मेणबत्त्या, झगे, उभं राहून गायलेली उत्तरं असं काहीतरी डोळ्यांसमोर होतं. उत्तर जर्मनीत तसं असतंही. इथे गीत, प्रार्थना, प्रवचन, गीत, आशीर्वाद, संपलं. १५३४ साली ड्यूक उलरिशने राज्यात धर्मसुधारणा आणली तेव्हा ती अर्धी मार्टिन लुथर या जर्मन सुधारकाकडून आणि अर्धी स्वित्झर्लंडच्या बाजूने आली. शिकवण लुथरची राहिली, उपासनेचा साधेपणा दक्षिणेकडचा. ही घडी बसवणारा योहान्नेस ब्रेन्झ श्टुटगार्टच्या श्टिफ्ट्सकिर्शं या चर्चमध्ये पुरलेला आहे. खरं सांगायचं तर आमच्या नगरकडच्या मंडळीला अमेरिकन मिशनऱ्यांनी जे वळण लावलं त्याच्या हे इतकं जवळचं होतं की मला पहिल्या दिवशीच पुढे काय येणार ते कळत होतं. भाषा तेवढी कळत नव्हती.

भाषेवर एक उपाय सापडला. गीतांचे नंबर भिंतीवरच्या पाटीवर लावलेले असतात. मी पंधरा मिनिटं आधी जाऊन ती गीतं पुस्तकात काढून वाचायचे. प्रवचन निम्मं डोक्यावरून गेलं तरी गाताना सगळ्यांबरोबर तोंड हलायचं. जर्मन शिकणाऱ्यांनी हे करून बघा, क्लासला एवढे पैसे भरूनही माझं व्याकरण इतकं सुधारलं नव्हतं.

जवळजवळ वर्षभर असं मागच्या बाकावर बसून काढलं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये एका मैत्रिणीने मला तिच्या बाळाची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यातली गॉडमदर, व्हायला सांगितलं. ते व्हायला चर्चचं सभासद असावं लागतं. म्हणजे धर्मपालकांपैकी किमान एक तरी इथल्या चर्चचा हवा, आणि तिच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. निमित्त हे झालं. पण मनात आधीपासून होतंच. घरभाडं, विमा, जिमचं सभासदत्व, सगळ्यांवर आपलं नाव आहे आणि मंडळीच्या वहीत तेवढं नाही, हे नगरकडे वाढलेल्या माणसाला बरं वाटत नाही.

मंडळीच्या ऑफिसला, म्हणजे फार्राम्टला, ई-मेल केली. ऑफिस आठवड्यातून फक्त तीन सकाळी उघडं असतं, तेव्हा फोनपेक्षा मेल बरी. चार दिवसांनी पाळकबाईंचं उत्तर आलं: भेटायला या, पासपोर्ट आणि बाप्तिस्म्याचा दाखला आणा.

दाखल्याने मला तीन महिने घेतले.

माझा बाप्तिस्मा आजोळच्या मंडळीत झालेला. आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, दाखला काय, मी पाळकसाहेबांना सांगते, आठ दिवसांत देतील." पण तिथले पाळकसाहेब नुकतेच बदलून आलेले, आणि जुनी रजिस्टरं कोणत्या कपाटात आहेत हे सांगू शकणारे सेक्रेटरी मुंबईला मुलाकडे. दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या शेवटी नोंद सापडली. जाड बांधणीची वही, निळी शाई फिकी पडलेली. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, आईचे नाव, धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. माझ्या नावापुढे आडनावच नाही. आणि नाव आहे ते घरात हाक मारायचे ते, पासपोर्टवरचं नाही. आईने फोटो पाठवला तेव्हा मी आधी हसले, मग पोटात गोळा आला. या कागदावर जर्मन ऑफिस माझी ओळख कशी पटवणार?

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी भारतात असतानाच करून घ्यावं अशा काही गोष्टी. दाखला मराठीत न घेता मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत मागा. इथे मराठीचा अधिकृत शपथबद्ध अनुवादक शोधणं अवघड, आणि सापडला तर दर पानाला पैसे मोजावे लागतात. इंग्रजी दाखला आमच्या पाळकबाईंनी जसाच्या तसा चालवून घेतला. वहीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर 'ही एकच व्यक्ती' असं एक वाक्य पाळकांकडून त्याच दाखल्यावर लिहून घ्या. शिक्का गोल आणि ठसठशीत हवा, जर्मन माणसाचा शिक्क्यावर आपल्याइतकाच विश्वास आहे. दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याचाही दाखला घ्या. आणि आपली मंडळी कोणत्या चर्चची आहे ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं असू द्या, कारण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे काय हे इथे प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. मला ते पाळकबाईंना समजावून सांगावं लागलं: २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा सहा चर्चेस एकत्र येऊन ते झालं, लुथरन त्यात नव्हते. भारतातल्या लुथरनांची चर्चेस वेगळी राहिली, रांचीकडचं गॉसनर, गुंटूरकडचं आंध्र, तमिळनाडूतलं तरंगमबाडीचं. तरंगमबाडीला तर पहिले लुथरन मिशनरी १७०६ मध्येच उतरले होते. पाळकबाई टिपून घेत होत्या. मला उगीच परीक्षक झाल्यासारखं वाटलं.

कुरिअरला अडीच हजारांच्या आसपास रुपये गेले, मंडळीला आईने पावतीवर पाचशे रुपये दान दिलं. इकडे चर्चमध्ये नाव घालायला काहीही फी नाही. बाहेर पडायला मात्र पडते! या राज्यात चर्च सोडायचं तर श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन सांगावं लागतं आणि त्याची फी गावागणिक वेगळी. तिथे रांगही असते. २०२३ या एका वर्षात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चेसमधून सुमारे ३ लाख ८० हजार माणसं अशी बाहेर पडली. मी आत यायला निघाले तेव्हा सगळा गाव बाहेर निघाला होता म्हणायचा.

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पाळकबाईंशी ठरलेली भेट झाली. मी मनातल्या मनात दहा आज्ञा उजळून गेले होते. त्यातलं काही विचारलं नाही. चहा झाला, बिस्किटं झाली. आत्ताच का, हे विचारलं. मी धर्ममातेचं सांगितलं आणि वहीतल्या नावाचंही सांगितलं. नवऱ्याचं काय म्हणणं आहे, हे विचारलं. मी म्हटलं, तो म्हणतो कराचा आकडा आधी दाखव. त्या मोठ्याने हसल्या आणि खरोखरच एका कागदावर पैसे कुठे जातात ते लिहून दाखवलं: पाळक आणि बाकी कर्मचाऱ्यांचे पगार, इमारती, बालवाड्या, समुपदेशन केंद्रं, थोडं परदेशातल्या कामाला. एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. चर्चच्या नावाने चालणारी इस्पितळं, वृद्धाश्रम हे मुख्यतः आरोग्य आणि शुश्रूषा विम्याच्या पैशावर चालतात, चर्चच्या करावर नाही. हे प्रांजळपणे सांगणारं माणूस मला पटलं.

मग एक पानाचा फॉर्म. नाव, पत्ता, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, सही. पासपोर्ट आणि दाखल्याची प्रत त्यांनी काढून घेतली, मूळ दाखला परत दिला. मूळ कधीही देऊन येऊ नका. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकबाईंनी सूचनांच्या वेळी फक्त एवढं म्हटलं की आज आपल्या मंडळीत एक बहीण नव्याने आली आहे, भारतातून. माणसांनी मागे वळून पाहिलं. प्रभुभोजनाला वेदीभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहतात. भाकरीचा तुकडा, मग प्याला. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या छोट्या पेल्यात द्राक्षरस असतो. इथे काही रविवारी वाइन आणि काही रविवारी रस, ते पत्रकावर आधी छापतात. माझ्या शेजारच्या आजींनी प्याला माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचे हात थंड होते आणि माझेही. त्यांनी माझं मनगट क्षणभर धरून ठेवलं, बाकी काही नाही.

कर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. फेब्रुवारीच्या पगारपत्रकावर एक नवी ओळ उगवली. आपण काहीच करायचं नसतं, चर्च पालिकेला कळवतं, पालिका टॅक्सच्या संगणकाला, आणि कंपनीचं पगार-सॉफ्टवेअर ते उचलतं. माझ्या एका ओळखीच्या मुलाच्या बाबतीत हे तीन महिने उशिरा झालं आणि मागचे सगळे पैसे एकदम कापले गेले. तेव्हा पहिली दोन पगारपत्रकं बघून घ्या.

इथवर कागद. माणसं त्यानंतर भेटली, आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून.

आमच्या भागात फेस्परकिर्शं म्हणून एक प्रकार आहे. १९९५ साली श्टुटगार्टच्या लिओनहार्ड्सकिर्शंमध्ये मार्टिन फ्रिट्स नावाच्या पाळकांनी तो सुरू केला. ते चर्च शहराच्या जुन्या वेश्यावस्तीला लागून आहे. कडक हिवाळ्यातले काही आठवडे चर्चमध्येच टेबलं मांडायची आणि कोणालाही नाममात्र पैशांत गरम जेवण द्यायचं, अशी कल्पना. सोबत डॉक्टर, केस कापणारे, कुत्र्यांसाठी जनावरांचा डॉक्टरसुद्धा. आता राज्यात अनेक शहरांत, गावांत ती भरते, लुडविग्सबुर्गला, एस्लिंगेनला. आमच्या गावातली लहान, दोन-तीन आठवड्यांचीच.

मदतनीस हवेत असा कागद दाराशी होता. मी आणि नवऱ्याने नाव दिलं. आधी एक संध्याकाळ सगळ्यांची बैठक. अन्न हाताळणाऱ्यांसाठीचे नियम वाचून दाखवले: जुलाब, उलटी किंवा हातावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी यायचं नाही, केस बांधायचे, अंगठ्या काढायच्या. खाली सही. एप्रन चर्चचा, बूट आपले, घसरणार नाहीत असे. पाळी सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन. ऑफिसातून सुट्टी घ्यावी लागली. काही कंपन्या अशा कामाला एखादा दिवस देतात, विचारून बघा.

बाक बाजूला सरकवलेले, लांब टेबलांवर पांढरे कागद, प्रत्येक टेबलावर लहानशी फुलदाणी. पाहुण्यांनी रांगेत ताट धरून उभं राहायचं नाही, बसायचं. वाढपी विचारायला येतात. कोणाकडे गरिबीचा पुरावा मागत नाहीत. दाराशी एक डबा, जमेल तेवढे टाका, ज्याला जमतं तो वीस युरोची नोट टाकतो. म्हणून एका टेबलावर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्या शेजारी रात्री स्टेशनच्या भुयारात झोपणारा माणूस, समोर युक्रेनची बाई आणि तिची दोन मुलं, असं खरोखरच बसतात. गप्पा मारतातच असं नाही. मीठ मात्र पुढे करतात.

मला वाढायचं काम. त्या दिवशी लिन्झन उंड श्पेट्सलं होतं, म्हणजे आंबटसर शिजवलेला मसूर, अंड्याच्या पिठाच्या आखूड शेवया आणि वर दोन सॉसेज. श्वाबी, म्हणजे या भागातल्या मूळ लोकांचं वरणभातच म्हणा. एक म्हातारे गृहस्थ रोज त्याच कोपऱ्यात यायचे, इस्त्री केलेला शर्ट, बाह्यांच्या कडा विरलेल्या. सॉसेज नको म्हणायचे, मसूर दुप्पट मागायचे. टोपलीतला पाव कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे, माझी नजर चुकवून. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा मी आमच्या टोळीच्या प्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "टोपली रिकामी झाली की भरायची. आपलं काम तेवढंच." पेन्शनमध्ये भाडं गेल्यावर काय उरतं ते तिथे कळतं. चांगली चाळीस वर्षं काम केलेली माणसं असतात ती, बायका तर जास्तच.

नवरा भांड्यांना. चर्चच्या मागच्या खोलीत मोठं मशीन, पण आधी सगळं हाताने खरवडावं लागतं. त्याच्या जोडीला एक कडवे श्वाबी आजोबा, पंचाहत्तरीचे, पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारे. दोघं पहिले दोन तास एक अक्षर बोलले नाहीत. मग आजोबांनी विचारलं, भारतात कुठून? माझ्या नवऱ्याने पुणे सांगितलं. आजोबांना मंगळूर माहीत होतं. त्यांच्या आईकडचे कोणी बाझेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या मिशनरी संस्थेच्या वर्तुळातले होते. या मिशनला व्युर्टेम्बेर्गमधूनच बरीच माणसं मिळाली, १८३४ साली ते मंगळूरला पोचले आणि १८६५ मध्ये त्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला. माझ्या नवऱ्याच्या कोकणातल्या मामाच्या घरावर मंगळुरी कौलं आहेत! त्याने मोबाइलवर त्या घराचा फोटो काढून दाखवला. आजोबांनी चष्मा पुसून कौलं नीट पाहिली आणि म्हणाले, एक खाली सरकलंय, पावसाच्या आधी बसवून घ्या. दोघं आता दर हिवाळ्यात एकाच पाळीला नाव देतात.

त्या टोळीतूनच बाकी सगळं आलं. सत्तरीच्या पुढच्या सभासदांच्या वाढदिवसाला मंडळीतर्फे कोणीतरी घरी जातं, कार्ड आणि छोटी भेट घेऊन. त्यात मला घेतलं. आधी गुप्ततेच्या कागदावर सही, कारण आपल्या हातात लोकांचे पत्ते आणि जन्मतारखा येतात. जाण्यापूर्वी फोन करावा. आपल्यासारखं सहज डोकावलं तर इथली माणसं गडबडतात. मुलांच्या रविवारच्या वर्गाला, म्हणजे किंडरकिर्शंला मदत करायची तर पोलिस नोंदीचा विस्तारित दाखला लागतो. त्याची फी १३ युरो, पण मंडळीकडून स्वयंसेवक असल्याचं पत्र नेलं तर माफ. पालिकेत अर्ज केल्यावर पोस्टाने घरी यायला दोन-तीन आठवडे लागले. धर्ममाता होण्याचं काम त्यामानाने सोपं निघालं: ऑफिसने सभासद असल्याचा एक कागद दिला, तो बाळाच्या मंडळीत नेऊन दिला. मे महिन्यात बाप्तिस्मा झाला, बाळ शेवटपर्यंत झोपून होतं.

ऑक्टोबरात कापणीचा सण. आमच्याकडे त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडीसुद्धा, आणि उपासनेनंतर लिलाव. एकेक वांगं पन्नास रुपयांना जातं, कोणीतरी हट्टाने बोली वाढवतं, पाळकसाहेबांना आवरावं लागतं. इथेही वेदीपुढे तसेच भोपळे, कोबी, सफरचंदं, एक मोठा पाव. लिलाव नाही. दुसऱ्या दिवशी सगळं ताफेल्लाडनला जातं, जिथे कमी उत्पन्नाचं कार्ड असलेल्यांना स्वस्तात धान्य-भाजी मिळते. मी लिलावाची गोष्ट सांगितली तेव्हा टोळीतल्या बायकांनी ती तीनदा सांगायला लावली. पुढच्या वर्षी करून बघू असं ठरलं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत पावतीच्या नियमांवर अडलं, अजून अडलेलंच आहे.

आणि २०२५ चा नोव्हेंबर. व्युर्टेम्बेर्गच्या चर्चमध्ये दर सहा वर्षांनी निवडणूक असते, ३० तारखेला होती. गावच्या मंडळीचे पंच तर निवडायचेच, पण इथे राज्याच्या सिनोडचे, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधीसभेचे, सभासदही सामान्य सभासद थेट मतदानाने निवडतात. जर्मनीतल्या इतर चर्चेसमध्ये तसं नाही. वय १४ पूर्ण आणि मंडळीच्या यादीत नाव, एवढं पुरे, नागरिकत्व लागत नाही. पाकीट टपालाने घरी आलं. इतकी वर्षं इथे कर भरते, पण मत द्यायला मला पहिल्यांदा चर्चने सांगितलं. उमेदवारांची पत्रकं दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन वाचली. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यावा का, कोणत्या इमारती विकाव्यात, पाळकांची पदं किती कमी करावीत, यावर तिथे सरळ वाद असतो. आमच्या नगरकडच्या डायोसिसमध्येही, म्हणजे बिशपच्या प्रांतातही, वाद असतात, पण इतके छापून येत नाहीत.

सगळं गोड आहे असं समजू नका. पहिल्या वर्षी कोणी नाव विचारलं नाही ते खरंच आहे, आणि आजही काही माणसं मला फक्त 'भारतातल्या बाई' म्हणतात. मराठी गीत म्हणायची हुक्की आली की मी आणि दोन घरं पलीकडची तमिळ मुलगी स्वयंपाकघरात म्हणून घेतो. महिन्याचे ते पन्नास-साठ युरो कधीकधी टोचतात, विशेषतः भारताची तिकिटं काढताना.

ज्यांना फेस्परकिर्शंला यायचं आहे त्यांच्यासाठी: नाव द्यायला सभासद असावं लागत नाही, धर्मही विचारत नाहीत. आमच्याकडे नोंदणी नोव्हेंबरात उघडते. शनिवार-रविवारच्या पाळ्या लगेच भरतात, मंगळवार-बुधवार ओस पडतात. केक करून दिलात तरी चालतो, फक्त कच्च्या अंड्याचा किंवा क्रीमचा नको, आणि चिठ्ठीवर गहू, दूध, अंडी, सुकामेवा यांपैकी त्यात काय आहे ते लिहायचं. माझा रव्याचा केक दुपारी दोनच्या आत संपतो. जर्मन येत नसेल तर भांड्यांना नाव द्या, तिथे माणूस कायम कमी असतो.